ज्याच्यापुढं कण्हता येतं

जळकोटच्या दवाखान्याच्या आवारात अँब्युलन्स उभी होती आणि स्ट्रेचरवर केरबामामा. सकाळपासून त्यांच्या छातीत कळ येत होती, दम लागत होता. डॉक्टरांनी तपासून लातूरला हलवा म्हणून सांगितलं होतं. गाडीबरोबर आलेला तरुण डॉक्टर दार धरून म्हणाला, "सोबत एकच जण. लवकर सांगा, कोण बसतंय?" तसा प्रश्न साधा. मामांचा मुलगा मिलिंद पुढं झालाच होता. मामी तांब्या-पेला घातलेली पिशवी काखेत मारून तयार होत्या. पण घरातलं कुणी उत्तर द्यायला धजेना. कारण हाच प्रश्न मामांनी दवाखान्याच्या गाडीवरच्या नोकरीत आयुष्यभर पेशंटला विचारला होता, आणि तो त्यांनी नातेवाइकांना कधीच विचारला नव्हता. घरातलं कुणी उत्तर द्यायला धजेना. शेवटी मामीच म्हणाल्या, "डॉक्टरसायब, आम्हाला नका इचारू. ह्यायलाच इचारा."

त्या पोरसवदा डॉक्टरला हे नवीन होतं. तो वाकला, "आजोबा, कोण पाहिजे सोबत?" मामांनी तोंडावरचा मास्क थोडा बाजूला केला, सगळ्यांवरून नजर फिरवली आणि माझ्याकडं बोट केलं. "बीए," एवढंच म्हणाले.

बीए म्हणजे मी, त्यांचा भाचा. हायस्कूलात मास्तरकी करून रिटायर झालो, नातवंडं झाली, तरी मामांसाठी मी बीएच होतो. बघणाऱ्याला वाटलं असेल, सख्खा मुलगा सोडून भाच्याला मान दिला. पण गाडीत पेशंटच्या शेजारी बसण्याच्या लायकीचा मी नाही, हे मला जवळजवळ चाळीस वर्षांपासून माहीत होतं. आणि ते मामांनाही माहीत होतं...

मामांना जाऊन आता सहा आठवडे झाले. मला लेख लिहायची सवय नाही, पण हे लिहून टाकल्याशिवाय दुसरं काही सुचत नाही.

केरबामामा माझ्या मायचे धाकटे भाऊ. सरकारी आरोग्य केंद्राच्या जीपवर ड्रायव्हर. आमच्या दोन्हीकडच्या घराण्यात पगारी नोकरी लागलेला पहिला माणूस म्हणजे मामा, आणि कॉलेजात जाऊन पदवी घेणारा पहिला माणूस म्हणजे मी. मामांची पहिली नेमणूक किनवटकडं, इस्लापूरला झाली. तिथं जंगलातल्या गावांवरून पेशंट आणायचे, म्हणजे अर्धा रस्ता गाडीचा आणि अर्धा बाजेवरचा. पुढं लातूर जिल्हा नवीन झाला. नव्या जिल्ह्याला माणसं हवी होती, तेव्हा मामांनी अर्ज करून बदली आमच्या भागात घेतली. जीपही बरोबर नवीन मिळेल असं त्यांना वाटलं होतं, पण मिळाली ती कुठल्या तरी दुसऱ्या आरोग्य केंद्राची म्हातारी जीप. तिच्या दारावर जुन्या जिल्ह्याचं नाव होतं. त्यावर मामांनी स्वतःच पांढरा रंग मारला आणि निळ्या अक्षरात 'लातूर' लिहिलं. 'तू'ला दीर्घ उकार देताना रंग ओघळला होता तो शेवटपर्यंत तसाच राहिला.

त्या जीपमध्ये मागं एका बाजूला पेशंटला आडवं करायचा बाक आणि दुसऱ्या बाजूला एका माणसापुरती जागा. एकच नातेवाईक, असा हुकूमच होता. आता मराठवाड्यातल्या खेड्यात पेशंट निघाला म्हणजे अर्धं गाव निघतं. कोण गाडीत बसणार यावरून जीपमागं भांडणं लागायची. थोरल्या भावाचा मान, जावयाचा मान, सासूचा हक्क... मामा हे सगळं ऐकून घ्यायचे. मग इंजिन बंद करायचे, खाली उतरायचे, फिरून मागं यायचे आणि सगळ्यांना हातानं थांबवून पेशंटच्या कानाशी वाकायचे. "तुम्हाला कोण पाहिजे सोबत?" पेशंट ज्याचं नाव घेईल तो बसणार. बाकीच्यांनी बसनं या, सायकलनं या, नाहीतर घरी बसा. लोक चिडायचे. "तू डायवर हायस का तहसीलदार?" म्हणायचे. मामा शांतपणे सांगायचे, "दुखणं ज्याचं, सोबत त्याची." असं का, ते त्यांनी तेव्हा आम्हालाही कधी सांगितलं नव्हतं.

एकदा शेजारच्या गावच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला न्यायचं होतं. मांडीचं हाड मोडलेलं. चार मुलं, चौघांच्या तोंडाला तोंड. एक म्हणे मी थोरला, दुसरा म्हणे दवाखान्यात माझी ओळख हाय, तिसरा तर आधीच जाऊन गाडीत बसलेला. मामा नेहमीप्रमाणं वाकले. "बाबा, ह्या चौघांतलं कोण पाहिजे?" म्हाताऱ्यानं डोळे उघडून चौघांकडं पाहिलं आणि म्हणाला, "कुणीबी नको. समदे उतरवा. लई दिवसांनी जरा गप झोपायला गावंल." पोरं हिरमुसली. मामा म्हणाले, "बरं, मग मीच हाय तुमच्यासंगं." आणि चारही मुलं ट्रॅक्टरवर बसून जीपच्या मागं धूळ खात गेली. हा किस्सा मामा इतक्या वेळा सांगायचे की शेवटी मामी आतून ओरडायच्या, "आता ट्रॅक्टरपाशी आलं का? मग चहा ठिवते."

त्याच सुमारास मी बी.ए. झालो. आमच्या वस्तीतला पहिला पदवीधर. हे मी आजही छाती पुढं काढून सांगतो, त्यात मला लाज वाटत नाही. माझी माय दुसऱ्यांच्या शेतात खुरपत होती आणि मी कंदिलाच्या उजेडात इतिहासाच्या सनावळ्या पाठ करत होतो. वडील मी शाळेत असतानाच गेले होते. निकाल लागला त्या दिवशी मामांनी जीपच्या बॉनेटवर पेढ्यांचा पुडा फोडला आणि येईल त्याला, अगदी इंजेक्शन घ्यायला आलेल्या पोरांनाही, "माझा भाचा बीए झाला" म्हणून वाटत सुटले. आणि गावाला माझा एक उपयोग सापडला. कुठलाही पेशंट मोठ्या दवाखान्यात निघाला की, "बीएला संगं घ्या" म्हणायचे. तिथं कागद वाचावे लागतात, डॉक्टरशी बोलावं लागतं, कुठल्या खिडकीवर काय मिळतं हे कळावं लागतं. जी माणसं आम्हाला पायरीवर बसवून वेगळ्या कपात चहा द्यायची, तीसुद्धा घरातलं कुणी आजारी पडलं की आमच्या वस्तीपर्यंत चालत यायची. मला त्याची चटक लागली. मामा पेशंटला विचारायचे खरे, पण पेशंटलाही चार लोकांनी आधीच सांगितलेलं असायचं, बीएचं नाव घे. मग तोही माझं नाव घ्यायचा आणि मी इस्त्रीचा सदरा घालून, काखेत फाइल घेऊन जीपमध्ये चढायचो. पेशंटपेक्षा फाइलकडं माझं लक्ष जास्त असायचं, हे आज कळतंय.

मग ते दुष्काळाचं साल आलं. पाऊस नावाला झाला होता, विहिरी तळाला गेल्या होत्या आणि माय रोजगार हमीच्या तलावाच्या कामावर माती वाहायला जात होती. तिच्यासोबत चंद्राबाई असायच्या. चंद्राबाई शेतकऱ्याच्या घरच्या, विधवा, नावावर जमीन असलेल्या. एरवी माय त्यांच्याच शेतात मजुरीला जायची. पण मी लहान असताना, बहात्तरच्या दुष्काळात जमीनवाल्यांच्याही चुली विझल्या, तेव्हा चंद्राबाई डोक्यावरून पदर ओढून खडी फोडायला आल्या आणि मायच्या शेजारी बसल्या. हातोडा कसा धरायचा ते मायनं त्यांना शिकवलं. तेव्हापासून दोघींचं जे जुळलं ते जुळलंच. मला ते फारसं आवडत नव्हतं. खरं ते सांगतो. मी नवीन शिकलेला, मला वाटायचं, एरवी आपल्याला उंबऱ्याबाहेर ठेवणाऱ्या घरची बाई आपल्या मायची मैत्रीण कशी होईल?

तलावावरच मायच्या पोटात दुखायला लागलं. दोन दिवस तिनं ओव्याचं पाणी पिऊन काढले. तिसऱ्या दिवशी तिला उभं राहता येईना. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी नांदेडची चिठ्ठी दिली. जिल्हा लातूर झाला असला तरी पोटाच्या मोठ्या दुखण्याला आमच्याकडची माणसं सवयीनं कंधारवरून नांदेडलाच जायची. मामा जीप घेऊन आले. स्वतःच्या बहिणीला उचलून त्यांनी बाकावर निजवलं. वस्ती सगळी जमली होती. चंद्राबाईही कामावरून तशाच धावत आल्या होत्या, अंगावर माती, चपला हातात. त्या जरा लांबच उभ्या राहिल्या.

मामांनी रिवाज सोडला नाही. कानाशी वाकले. "अक्का, कोण पाहिजे तुला?"

माय म्हणाली, "चंद्रा."

मी पुढंच होतो. मला ते लागलं. सगळ्या वस्तीसमोर, पोटचा पोरगा उभा असताना... "मामा, काहीतरीच काय?" मी म्हणालो, "चंद्राबाईला सही करता येत न्हाई. तिथं डॉक्टरशी कोण बोलणार? शिकलेलं माणूस लागतंय. मी बसतो, तुम्ही गाडी काढा." लोकही म्हणाले, खरंय, बीएच जाऊ द्या. मामांनी एकदा मायकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. चंद्राबाई दोन पावलं पुढं आल्या होत्या, त्या थांबल्या. मग मामा पुढं जाऊन बसले आणि त्यांनी जीप सुरू केली. नोकरीत पेशंटचं ऐकलं नाही असं त्यांचं ते एकदाच झालं असेल.

सगळा रस्ता माय गप्प होती. रस्ता म्हणजे नुसते खड्डे. जीप आदळली की तिचं अंग आकसायचं. मी विचारलं, "माय, लई दुखतंय का?" ती म्हणाली, "न्हाई रे. बरं हाय." तिनं पदराचं टोक दातात धरलं होतं. मला वाटलं, धूळ जाऊ नये म्हणून. कंधारच्या अलीकडं इंजिन तापलं. टँकरची वाट बघत रांगेनं घागरी ठेवून बाया बसल्या होत्या. गाडीत पेशंट आहे म्हटल्यावर एकीनं घरातल्या घागरीतून तांब्याभर पाणी आणून दिलं. मामांनी ते जपून जपून इंजिनात ओतलं, तळाशी उरलेला घोट मागं आणून मायच्या ओठाला लावला आणि विचारलं, "अक्का, कसं वाटतंय?" तिनं मान हलवली. मामा माझ्याकडं बघत राहिले. मी म्हणालो, "शांत हाये ती. चला." माझा एक हात तिच्या हातात असायला पाहिजे होता. माझ्या दोन्ही हातांत फाइल होती.

नांदेडला डॉक्टरांनी तिच्या पोटावर हात ठेवला आणि मला विचारलं, "दुखणं वाढतंय का?" मी टेचात सांगितलं, "नाही डॉक्टर, पेन कमी झालंय. रस्ताभर पेशंट शांत होती." दुखण्याला 'पेन' म्हणता आलं याचं मला त्या वेळीही बरं वाटलं होतं. आपलं कसलं मन असतं बघा. डॉक्टर म्हणाले, कागद करून आणा, तोवर बघतो. शेजारीच रक्तबंबाळ झालेले दोघे आले होते, ते तिकडं वळले. त्यांना मी दोष देत नाही. त्यांनी विचारलं ते बरोबर विचारलं, मीच चुकीचं सांगितलं. मामा गाडी लावायला गेले, मी खिडकीवरच्या रांगेत लागलो. माझ्या पुढच्या माणसाचा फॉर्मसुद्धा मीच भरून दिला. कागद घेऊन परत आलो तेव्हा मामा मायच्या बाकड्यापाशी उभे होते आणि त्यांनी डोक्याचा रुमाल काढून हातात घेतला होता...

माय गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी चंद्राबाई आमच्या घरी आल्या. इतक्या वर्षांच्या मैत्रीत त्या आमच्या उंबऱ्याच्या आत पहिल्यांदाच आल्या. आत येऊन भुईवर बसल्या. मला वाटलं, आता बोलतील, मला का नेलं नाही म्हणतील. मी उत्तराची तयारीही केली होती. त्यांनी एवढंच विचारलं, "बापू, कण्हली का रे वाटंनं?"

मी अभिमानानं सांगितलं, "न्हाई मावशी. एकदाबी न्हाई. लई धीराची."

त्या बाईनं तोंडावर हात घेतला. "आरं देवा..." म्हणाली. "ती अन् न कण्हता? माझ्यापाशी बोटात काटा मोडला तरी तळं डोक्यावर घ्यायची रे. खडीवर अंगठा ठेचला तर दिवसभर मला शिव्या देत कण्हली. लेकरापुढं कशी कण्हल? लेकरू भिईल ना..." आणि मग त्या मोठ्यानं रडल्या. मामा दाराशी उभे होते. मला पदराचं ते टोक आठवलं. तिच्या अंगावरून उतरवलेलं लुगडं अजून घरातच होतं. मी उठून पाहिलं. टोकाला दातांनी भोकं पडली होती.

ती कण्हली असती तर वाचली असती का, मला माहीत नाही. पुढं ओळखीच्या एका डॉक्टरांना मी आडून आडून विचारलं, तेही म्हणाले, सांगता येत नाही. पण चंद्राबाई शेजारी असत्या तर ती पदर चावत गेली नसती, एवढं मला नक्की माहीत आहे.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी मामांनी मला आरोग्य केंद्रावर बोलावलं. जीप धूत होते. पाणी नव्हतंच, ओल्या फडक्यानं नुसतं पुसणं चाललं होतं. माझ्याकडं न बघताच म्हणाले, "इस्लापूरची गोष्ट सांगतो. तुला सांगायची राहिली." जंगलातल्या एका गावची बाळंतीण होती. पहिलटकरीण. पाच-सहा बाया बाजेबरोबर चालत आल्या होत्या. हुकमाप्रमाणं एकालाच बसवायचं म्हणून मामांनी नवऱ्याला बसवलं. किनवटपर्यंत पोरगी हूं नाही की चूं नाही. मामांना वाटलं, कळा थांबल्या. नर्सबाईलाही त्यांनी तसंच सांगितलं. नर्सबाई जुनी होती. तिनं आधी नवऱ्याला चहा प्यायला बाहेर काढलं आणि दार लोटलं. "आन् बीए," मामा म्हणाले, "दार लागायचा अवकाश, पोरीनं अशी किंकाळी फोडली, की मला लांब जीपपाशी ऐकू आली. नवरा हातात कप घेऊन तसाच उभा. नर्सबाई मला मागाहून म्हणली, डायवर, ज्याच्यापुढं कण्हता येतं त्याला बसवत जा. बाकीचे नातेवाईक कागदावर. तवापासून मी इचारून राहिलो."

मामांनी फडकं पिळलं. "तुझी एकट्याची चूक न्हाई ती. माझीबी हाय. मला म्हाईत होतं, तरी मी गाडी काढली. तू बीए झालास तवा माझी मान अशी वर गेली होती, की खाली अक्काकडं बघायचंच राहून गेलं." नंतर या विषयावर आम्ही दोघं कधीच बोललो नाही. इतक्या वर्षांत एकदाही नाही.

मी मात्र त्या दिवसापासून कुठल्याही पेशंटशेजारी बसलो नाही. मास्तरची नोकरी लागली, गावात मान वाढला, लोक बोलवायला येतच राहिले. मी जायचो. बसनं पुढं जायचो, मोटारसायकलनं मागं जायचो, कागद करायचो, रक्ताची सोय करायचो. गाडीत बसा म्हटलं की काहीतरी निमित्त काढायचो. सासरे आजारी होते तेव्हाही बायकोला बसवलं आणि मी मागं राहिलो. तिला वाटायचं, मला गाडी लागते. मामा हे सगळं बघत होते. त्यांची जीप मोडीत निघाली, ते रिटायर झाले, जळकोट तालुका झाला, आतून दवाखान्यासारख्या दिसणाऱ्या पांढऱ्या गाड्या आल्या. मामा रस्त्यानं जाताना अशी गाडी दिसली की थांबून आत डोकावायचे, मागं कोण बसलंय ते बघायचे.

आणि आता त्या गाडीत ते आडवे, मी शेजारी.

दार बंद झालं. मिलिंद आणि मामी मागून दुसऱ्या गाडीनं निघाले. थोडा वेळ मामा मागच्या काचेतून बाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "बीए, रस्ता उलटा पळून राहिला रे." मी म्हणालो, "मग? मागून असाच दिसतो." तर म्हणाले, "इतकी माणसं नेली... मी आपला सारखा म्होरं बघून. मागं आडवं पडलेल्याला गाव असं लांब जाताना दिसतंय, हे मला म्हाईतच नव्हतं." त्यांना हसू आलं आणि हसता हसता कळ आली. मी पाहिलं, त्यांनी जबडा आवळला. ओठ घट्ट झाले. मला वाटलं, हेही आता गिळणार... मी त्यांचा हात धरला. दोन्ही हातांनी धरला. म्हणालो, "मामा, दाबू नका." त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि मग त्या म्हाताऱ्या छातीतून आवाज फुटला, "अगं माय गं... मेलो रे बीए!"

नंतर उदगीर येईपर्यंत आणि उदगीरच्या पुढंही मामा कण्हत राहिले. लाज सोडून कण्हत राहिले. मध्येच ड्रायव्हरला शिव्या दिल्या, "ब्रेक हळू दाब की रे, बैलगाडी हाकतो का!" मध्येच मला म्हणाले, "तुझा हात लई गरम हाय, तसाच राहू दे." डॉक्टर काळजीनं म्हणाला, "आजोबा, शांत पडा ना." मी म्हणालो, "कण्हू द्या त्यांना." मग डॉक्टरला मी एकेक सांगत गेलो. आता कळ डाव्या खांद्याकडं गेली. आता पाठीत गेली. ही आधीपेक्षा मोठी होती. मराठीत सांगितलं सगळं, दुखणं, कळ, धाप, जसं ते कण्हत होते तसं. त्यानंही ऐकलं, इंजेक्शन दिलं, लातूरला फोन करून खाट तयार ठेवायला लावली. दर वेळी मामा ओरडले की माझ्या डोळ्यांना पाणी येत होतं, आणि सांगू नये पण सांगतो, मला बरंही वाटत होतं.

लातूरला दार उघडलं तर मिलिंद समोरच. "दादा, कागद करायचेत. तुम्हाला सगळं म्हाईत हाय, तुम्ही येता का?" मी म्हणालो, "तू कर. न्हाई जमलं तर रांगेतल्या कुणालाबी विचार. मी हात सोडणार न्हाई."

मामा तिसऱ्या दिवशी दुपारी गेले. मामी उशाशी होत्या, मी पायाशी. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं. वय झालं होतं, हृदय थकलं होतं.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर, माणसं पांगल्यावर, मी मामींना विचारलं. मनात अडकून राहिलं होतं ते. "मामी, माझंच नाव का घेतलं त्यांनी? तुम्ही होता, मिलिंद होता." मामी तांदूळ निवडत होत्या. सुपातून नजर न काढता म्हणाल्या, "माझ्यापुढं ते कवा कण्हले? मी भिते म्हणून समदं दाबून ठिवायचे. मिलिंद तर पोटचंच लेकरू." एक खडा वेचून बाजूला टाकला. "मास्तर, त्यायला पदर नव्हता चावायला. म्हणून तुम्हाला न्हेलं."

म्हणजे त्या लुगड्याचं मामांनी मामींना कधीतरी सांगितलं होतं तर.

गेल्या रविवारी घरी पाण्याचं पिंप सरकवताना माझ्या कमरेत चमक भरली. अशा वेळी मी भिंतीला धरून उभा राहतो आणि बायकोनं आतून विचारलं की "काही नाही" म्हणतो. आमच्या संसारात हे असंच चालत आलेलं. या वेळीही तिनं आतून हाक दिली, "काय पडलं हो?" मी तोंड उघडलं आणि आवाज आला तो पार गल्लीत ऐकू गेला असणार. "अगं माय गं... मेलो!" समोरच्या घरची खिडकी उघडली. बायको पिठाच्या हातांनी धावत आली. आधी घाबरली, मग माझ्या तोंडाकडं बघून तिला नवल वाटलं. इतक्या वर्षांत तिनं मला कण्हताना ऐकलंच नव्हतं. मला खाली बसवलं, स्वतः मागं टेकून बसली आणि कमरेवर बोटं फिरवत विचारायला लागली, "इथं? का इथं?"

मी म्हणालो, "जरा खाली... हां. तिथंच."